परत आलेला प्रसाद

चर्चच्या थोरल्या सिस्टरनी तिला बजावलं होतं. एकदा नव्हे, तीनदा.

"दार उघडलं नाही तर माघारी फिरायचं नाही. शेजारी विचारायचं, खिडकीतून डोकवायचं, लाज वाटली तरी ओरडायचं. म्हातारी माणसं रुसून दार लावून बसत नाहीत गं. ती पडलेली असतात."

"हो सिस्टर, हो," ती म्हणाली होती आणि घरी येऊन नवऱ्यापुढे तिने त्यांची हुबेहूब नक्कल केली होती. "सिस्टरना ना, प्रत्येक बंद दारामागे कुणीतरी पडलेलंच दिसतं."

"चाळीस वर्षं नर्स होत्या त्या," नवरा हसून म्हणाला, "आणि तू काय वेगळी आहेस? पिल्लू झोपलं की नाकापाशी बोट धरून बसतेस."

ते खरंच होतं. आठ महिन्यांचं पिल्लू ती तळहाताच्या फोडासारखं जपत होती. दुधाची बाटली दोनदा उकळायची, थर्मामीटर उशाशीच. कॉलेजात शिकलेली, पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी, पण त्याला शिंक आली तरी तिच्या काळजात चर्र व्हायचं. आपण डोळ्यांत तेल घालून सगळीकडे लक्ष ठेवतो, आपल्या नजरेतून काही सुटत नाही, अशी तिची स्वतःबद्दल पक्की खात्री होती.

चर्चमध्ये तिच्याकडे एक सेवा होती. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा आजारी, म्हाताऱ्या माणसांना रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद द्यायचा. मनगटी घड्याळाएवढी गोल डबी, आत पाच पांढऱ्या पातळ चकत्या, डबी कापडी पिशवीत आणि पिशवी गळ्यात. या कामासाठी फादरनी सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून तीन शनिवार वर्ग घेतला होता. "तुमच्या गळ्यात डबी नाही, साक्षात प्रभू आहे," फादर म्हणाले होते. "वाटेत थांबू नका. गप्पा नकोत, बाजारहाट नको. प्रसाद उरला तर घेऊन सरळ इथे यायचं." तिने ते वहीत उतरवलं आणि खाली लाल रेघ मारली. सिस्टरचं सांगणं मात्र वहीत नव्हतं. सिस्टरनी ते जिन्यात, बुटाची नाडी बांधता बांधता सांगितलं होतं. पुढे दोनच महिन्यांत सिस्टरची बदली झाली आणि ते सांगणंही त्यांच्या ट्रंकेबरोबर गेलं.

पाच घरांपैकी शेवटचं घर इस्त्रीमावशींचं. शहरातल्या झाडून सगळ्या हॉस्पिटलांच्या चादरी जिथे धुवायला यायच्या, तो धुलाई कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली होती. त्याच्या मागच्या बाजूला कामगारांच्या खोल्यांची एक रांग उरली होती. त्यातल्या एका खोलीत मावशी राहायच्या. उभ्या जन्मात त्यांनी किती चादरींना इस्त्री केली असेल याचा हिशोब नाही. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग, कंबर कायमची वाकलेली. कारखाना गेला, मालक गेला, पोरं परदेशी गेली ती तिकडचीच झाली. चर्चने ही रांग आपली मानली होती. फादर प्रवचनात सांगत, वेदीवरच्या प्रसादाच्या पेटीतला प्रभू आणि गल्लीतला प्रभू एकच आहे. एकापुढे गुडघे टेकायचे आणि दुसऱ्याला ओलांडून जायचं, हे चालणार नाही. पहिल्या बाकावर बसून ती मान डोलवायची.

"आली का घाईबाई!" दार उघडताच मावशी म्हणायच्या. "काय गं, देवाची बस चुकणार आहे का? बस घटकाभर."

"मावशी, बसायचं नसतं. डबी आहे ना गळ्यात."

"अगं, त्यालाच विचारते मी. तू उभी राहा हवं तर."

टेबलावर मेणबत्ती असायची आणि डबी ठेवायला हातरुमालाएवढं पांढरं कापड. ते कापड मावशी दर शनिवारी संध्याकाळी इस्त्री करून ठेवत. एक सुरकुती दिसेल तर शपथ! "चाळीस वर्षं परक्यांच्या आजारपणाला इस्त्री केली," त्या म्हणायच्या. "हे एकच काम माझ्या घरचं."

त्या रविवारी चार घरं झाली. पाचव्याकडे वळताना पर्समध्ये फोन थरथरला. नवऱ्याचा निरोप: '९९.८ आहे. रडतंय. कधी येतेस?' पाय भराभर पडू लागले.

मावशींचं दार बंद होतं. तिने वाजवलं. थांबली. पुन्हा वाजवलं. खिडकीच्या कट्ट्यावर दुधाची पिशवी तशीच होती, उन्हाने घामेजलेली. पहाटे पाचला उठणाऱ्या बाईचं दूध साडेदहाला कट्ट्यावर? दाराबाहेर मावशींच्या चपला होत्या. हे सगळं तिने पाहिलं. तिच्या नजरेतून काही सुटत नाही ना!

"मावशी! अहो मावशी!"

कुठूनतरी आवाज आला. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

शेजारच्या खोलीत कुलूपवाला राहायचा. चाव्या घासणारा, कुलपं दुरुस्त करणारा एकटा माणूस. दारावर पत्र्याची हातभर लांब चावी टांगलेली. रविवारीसुद्धा ठोकाठोक चालूच आहे, तिच्या मनात आलं. त्याला विचारावं म्हणून तिचा पाय वळलादेखील. पण छातीवर डबी. ती घेऊन परक्या पुरुषाच्या दारात बोलत उभं राहायचं? तोही चर्चचा नाही, कधी देवाचं नाव न घेणारा. आणि घरी ९९.८.

मावशी झोपल्या असतील, तिने ठरवून टाकलं.

सतरा मिनिटांची वाट ती मान खाली घालून, कुणाशी न बोलता, मनात प्रार्थना म्हणत चालली. लाल रेघ मारलेला एकही नियम मोडला नाही.

"एक परत आला?" फादरनी डबी उघडून विचारलं.

"मावशींनी दार उघडलं नाही."

"झोपल्या असतील."

"हो."

फादरनी प्रसाद पेटीत ठेवला, गुडघा टेकला, पेटीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. तिनेही गुडघा टेकला. प्रभू सुखरूप घरी पोहोचला होता.

पिल्लाला दात येत होता, एवढंच. संध्याकाळी ताप उतरला. सोमवारी ते खुदकन हसलं आणि हिरडीवर पांढरा ठिपका दिसला. तिने त्याचे फोटो काढले.

मंगळवारी दुपारी कुलूपवाला चर्चच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. हात तेलकट, आवाज मोठा. "ती रविवारची घाईबाई कुठे राहते?" त्याने शिपायाला विचारलं आणि पत्ता घेऊन तडक तिच्या घरी आला. दारातच बोलायला लागला.

"तीन पिशव्या झाल्या कट्ट्यावर. दोन दिवस वाटलं, पोरं येऊन घेऊन गेली असतील. पोरं कसली येतात! आज कुलूप उघडलं. दोन मिनिटं लागली, बाई. दोन मिनिटं! पलंग आणि टेबल यांच्या मधे पडली होती. शनिवारपासून. हातात इस्त्री."

"आहेत ना?" ती म्हणाली.

"आहे म्हणायचं. हॉस्पिटलात नेलंय."

मग तिने विचारलं. विचारायलाच नको होतं. "रविवारी सकाळी तुमचं काम चालू होतं ना? ठोकण्याचा आवाज आला मला."

तो तिच्या ओठांकडे पाहत होता. त्याला ऐकू येत नव्हतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तीस वर्षं लोखंडावर हातोडी मारून कान गेले होते. तिने पुन्हा सावकाश विचारलं.

"रविवारी? छे! रविवारी मी हातोडीला हातच लावत नाही. म्हातारीने शपथ घातली होती. म्हणाली, माझ्याकडे देव येतो, तेव्हा तुझी ठोकाठोक नको. बारापर्यंत गप बसायचं. मी बसतो."

मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काय ते त्याला कळलं. तो वाईट शब्द बोलला नाही. "तुला निदान ऐकू तरी आलं," एवढंच म्हणाला आणि जिना उतरून गेला.

मावशी नऊ दिवस हॉस्पिटलात होत्या. मधल्या रविवारी ती डबी घेऊन गेली. मूत्रपिंडं निकामी, घसा सुजलेला, नाकात नळी. नर्स म्हणाली, "तोंडाने काही द्यायचं नाही. कणभरसुद्धा नाही." मावशींचे डोळे उघडे होते, पण ते छताकडे लागलेले. उशाशी कुलूपवाल्याने ते पांढरं कापड आणून ठेवलं होतं. अर्धं कडक इस्त्री केलेलं, अर्धं चुरगळलेलं. तिने कापडावर डबी ठेवली, थोडा वेळ तशीच राहू दिली, मग उचलली. तिच्या हातून मावशींचा प्रसाद दुसऱ्यांदा परत आला.

बुधवारी पहाटे मावशी गेल्या.

पापनिवेदनाच्या जाळीआड बसून तिने सगळं सांगितलं. पिशवी, चपला, आवाज. पलीकडे फादरनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू जाणूनबुजून काही केलं नाहीस. नियमाप्रमाणेच वागलीस. हे पाप नव्हे. मन शांत ठेव." ती तिथेच गुडघ्यांवर राहिली. पाप नव्हे म्हटल्यावर प्रायश्चित्त नाही, आणि प्रायश्चित्त नाही तर माफी मागायची कुणाकडे? काहीतरी शिक्षा द्या हो फादर, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण तिच्यामागे रांग होती.

पुढच्या महिन्यात चर्चच्या समितीने ही सेवा थांबवली. उद्या कुणी तक्रार केली तर काय, ही जोखीम नको, असं ठरलं. आजाऱ्यांनी मिस्सा मोबाइलवर पाहावी. डब्या कपाटात गेल्या. उरलेल्या चार घरी कोण जातं, हे तिने विचारलं तेव्हा समितीने पुढचा विषय घेतला.

ती मात्र जात राहिली, डबीशिवाय. दर बुधवारी पिल्लाला कडेवर घेऊन ती चारी घरं करायची आणि शेवटी कुलूपवाल्याकडे थांबायची. आता बसायची, घटकाभर नव्हे, चांगली तासभर. "घाई मेली वाटतं तुझी," तो म्हणायचा. पिल्लाला जुन्या चाव्यांचा जुडगा द्यायचा. दार वाजलेलं कळत नाही म्हणून त्याने कामाच्या टेबलासमोर आरसा लावला होता; खिडकीशी कुणी उभं राहिलं की त्यात दिसायचं. "तुमचा देव आला तर त्यालाही सांग," तो म्हणाला होता, "दार वाजवत बसू नकोस, हात हलव."

मग नवऱ्याची नोकरी सुटली आणि दुसरी मिळाली ती दीड दिवसाच्या प्रवासावर. निघताना तिने चार घरांचे पत्ते फादरच्या हातात दिले. त्यांनी ते बायबलमध्ये ठेवले. कुलूपवाल्याला मात्र तिने फोनवर एक खूण शिकवली. रोज सकाळी उठला की तिला फक्त एक अंगठा पाठवायचा. बाकी काही लिहायला नको.

चार महिने रोज अंगठा आला. पावणेसातच्या आधीच. आज बारा दिवस झाले, आलेला नाही. तिच्या निरोपांपुढे एकच टिक दिसते.

"फोन बिघडला असेल त्याचा," नवरा म्हणाला.

"हो, असेल," ती म्हणाली आणि स्वतःचाच आवाज तिला ऐकू आला. असंच, अगदी असंच ती तेव्हाही हो म्हणाली होती. झोपल्या असतील.

तिने चर्चच्या कार्यालयात फोन लावला. कारकुनाने विचारलं, "आपल्या यादीत आहेत का ते?"

"नाही. ते आपल्यातले नाहीत, पण..."

"मग बाई, आम्ही कोण म्हणून जाणार?"

पोलिसांनी विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" याला काय उत्तर द्यायचं? त्याच्या शेजारणीचा जीव वाचवू शकले असते ती, असं? चार घरांपैकी दोघांचे फोन बंद, एकीला दिसत नाही, एकाला खाटेवरून उठता येत नाही. सिस्टर आता कुणालाच ओळखत नाहीत म्हणे. आणि तिच्या पोटात दुसरं आहे. डॉक्टरांनी पलंगावरून उतरायलाही मनाई केली आहे. पिल्लू शेजारी जुन्या चाव्यांचा जुडगा फरशीवर आपटत बसतं. टक्. टक्. ती त्याला आपटू देते.

आता ज्याच्याशी बोलेल त्याला ती हेच विचारते, आणि हे वाचताय तर तुम्हालाही विचारते. तुम्ही त्या बाजूला जाता का हो? बंद पडलेला धुलाई कारखाना, त्याच्यामागे खोल्यांची रांग. शेवटून दुसरी खोली, दारावर पत्र्याची हातभर चावी. दार वाजवून फिरू नका, त्याला ऐकू येत नाही. खिडकीशी जा. हात हलवा, म्हणजे तो आरशात पाहील. कट्ट्यावर पिशव्या आहेत का, चपला बाहेर आहेत का, तेही पाहा. तो वळला नाही तर तिथेच थांबा, आरडाओरडा करा, काच फोडा. घरी कुणाला ताप असेल, उशीर होत असेल, तरी थांबा. आणि तो वळलाच, तर त्याला म्हणावं, घाईबाईने पाठवलंय.