काळाची चूक

भट्टीवाल्याने फळ्यावर आपल्या देशाचा नकाशा काढला, त्यात तीन नद्या काढल्या, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि तिसरी नदी तळहाताने पुसून टाकली.

“ती का पुसली?” बाईंनी विचारलं.

“ती होती.”

“होती नाही, आहे. नदी कुठे जाते?”

“वर धरण बांधलं, बाई. आता तिच्यातून रणगाडे जातात.”

रणगाडा हा शब्द बाईंनी शिकवलेला नव्हता. कुठून उचलला कोण जाणे, पण उच्चार अगदी स्वच्छ होता.

“नकाशात आहे ना? मग आहे. काढा परत,” त्या म्हणाल्या.

त्याने मुकाट्याने खडू घेतला. नदी पुन्हा काढली, पण आधीच्या दोन नद्यांपेक्षा बारीक.

बाई परक्या मुलखातून आलेल्यांना इथली भाषा शिकवत. टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर वर्ग भरे आणि खाली शिक्के मारायचे ठोके चालू असत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा हे बरं, म्हणून त्यांनी काम धरलं होतं. पण शिकवायला लागल्या की आव असा, जणू समोरचा प्रत्येक जण व्याकरणाचा खून करायलाच या देशात आला आहे. पोरंबाळं असलेली मोठी माणसं त्यांच्यापुढे शाळकरी होत. पाठीमागे सगळे त्यांना ‘आहेबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

भट्टीवाला त्यांचा सर्वांत चांगला विद्यार्थी. बेकरीत भट्टी सांभाळायचा, काम संपवून तसाच वर्गात यायचा, भुवयांत पीठ. ‘मी पहाटे उठतो, कणीक मळतो, पाव भाजतो’ हे तो न अडखळता सांगे. ऊन, पाऊस, दुकानदार, घरमालक, सगळं वर्तमानकाळात ठाकठीक. घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. परीक्षेतल्या तोंडी भागाचा विषय ठरलेला होता: ‘माझ्या देशाची ओळख’. भूगोल, संस्कृती, अर्थव्यवस्था. आणि स्वतःच्या देशाबद्दल बोलायला लागला की या शहाण्या माणसाचा काळ चुकायचा.

“आमच्या देशात काचेचे कारखाने होते. खिडक्यांच्या काचा आम्ही शेजारच्या देशांना विकत होतो. आमची माणसं गात होती.”

“आहेत. विकतो. गातात,” बाई मागून काठी हाणल्यासारख्या सांगत. “काळ चुकतोय तुमचा.”

“हो बाई,” तो म्हणे. “काळच चुकला.”

शेजारच्या बाकावरची शिवणवाली हसू दाबायची. तिचा देश वेगळा. आपल्या देशाबद्दल ती इतक्या चुका करायची की बाईंनी तिला सुधारायचं सोडून दिलं होतं, पण काळ मात्र तिचा कधी चुकला नाही. “दादा, तुम्ही माझ्यासारखं करा,” ती त्याला सांगे. “डोळे मिटायचे आणि ‘आहे आहे’ म्हणत सुटायचं. साहेब लोकांना तेवढंच ऐकू येतं.”

चेष्टा करण्यासारखी गोष्ट मात्र नव्हती. परीक्षेत उतरला तरच भट्टीवाल्याला मुलीला इथे आणता येणार होतं. सरहद्दीवरच्या छावणीत ती आत्याजवळ होती आणि आत्याने निरोप पाठवला होता की माझीच तब्येत तोळामासा झाली आहे, या हिवाळ्यापुढे मी पोरीला सांभाळेन असं धरून चालू नकोस. नापास झाला तर पुढची परीक्षा वर्षाने. मुलीची आई कुठे, हे बाईंनी विचारलं नव्हतं. कोणाला खासगी विचारायचं नाही, अशी वरून सूचनाच होती. बाईंना ती सूचना सोयीची वाटायची.

एकदा त्यांनी भूतकाळ शिकवायला म्हण घेतली. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’

“इथे काळ म्हणजे मृत्यू,” त्यांनी समजावलं. “मृत्यू दारापर्यंत आला, पण माणूस वाचला.”

भट्टीवाल्याने वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग तो ते स्वतःशी पुटपुटला आणि म्हणाला, “बाई, हे माझ्या मुलीचं वाक्य आहे.”

“छान,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या म्हणीकडे वळल्या.

परीक्षा जवळ आली तशी बाईंना त्याची काळजी लागली. एवढा हुशार माणूस एका क्रियापदापायी बुडणार म्हणजे हातातोंडाशी आलेला घास जाणार. त्यांनी ग्रंथालयातून मुलांचं भूगोलाचं पुस्तक आणलं. त्यात त्याच्या देशाला अख्खं पान होतं: निळ्या नद्या, कारखान्यांची धुरांडी, एक कमानींचा पूल आणि पुलावर छत्र्या घेतलेली माणसं.

“हे पाठ करा,” त्यांनी सांगितलं. “तुम्हाला काय वाटतं ते सांगायचं नाही. पुस्तकात देश जसा आहे तसा सांगायचा.”

तो ते पान बराच वेळ पाहत राहिला. मग पुलाच्या उजवीकडे, जिथे चित्र संपून कोरा कागद सुरू होत होता, तिथे त्याने बोट ठेवलं.

“पुलापलीकडे आमचं घर,” तो म्हणाला.

“क्रियापद?”

त्याने कागदावरचं बोट काढलं नाही.

“घर काय? वाक्याला शेपूट नको?”

“बाई, असं चालत नाही? पुलापलीकडे घर. घरामागे पेरूचं झाड. पेरूखाली पाण्याची टाकी.”

बाईंना हसू आलं. पठ्ठ्याने पळवाट तर नामी शोधली होती. ‘आहे’ नको आणि ‘होतं’ही नको.

“घरी चालतं. परीक्षेत नाही. परीक्षेत घर आहे म्हणायचं.”

“आहे,” भट्टीवाला म्हणाला. औषध गिळावं तसा तो शब्द त्याने गिळला, पण म्हटला. त्यानंतर वर्गात त्याची एकही चूक झाली नाही. बाईंनी शिवणवालीला चारदा सांगितलं, शिका जरा त्यांच्याकडून.

परीक्षेच्या दिवशी तो पांढरा सदरा घालून आला. भुवया स्वच्छ होत्या, त्यामुळे चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता. बाईंना खोलीत बसायची मुभा होती, बोलायची नव्हती. परीक्षक तरुण होते, स्वभावाने बरे. त्यांनी त्याला पाणी दिलं, सावकाश बोला म्हणाले.

आणि भट्टीवाला बोलू लागला. “माझ्या देशात तीन नद्या आहेत. तिसरी नदी सर्वांत मोठी आहे. तिच्यावर कमानींचा पूल आहे. पावसात लोक पुलावर छत्र्या घेऊन उभे राहतात आणि पाणी बघतात. आमच्याकडे काचेचे कारखाने आहेत. आमच्या खिडक्या खूप मोठ्या असतात. लोक काम करताना गातात.” वाक्यामागून वाक्य, शेपटासकट. बाईंची मान नकळत डोलू लागली. हा आपला विद्यार्थी, असं कोणाला तरी सांगावंसं त्यांना वाटत होतं.

परीक्षकांनी कागद बाजूला सारला. पाठ केलेलं संपल्यावर दोन साधे प्रश्न विचारायची त्यांची पद्धत होती.

“छान. आणि तुमच्या घरी कोण कोण आहे?”

भट्टीवाल्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांनीच धीर दिला: सोपं आहे, बोला.

“घरी माझी बायको आहे,” तो म्हणाला. “एक मुलगी आहे. दोन मुलगे आहेत. मोठा उंच आहे. धाकटा डावखुरा आहे.”

बायको आणि मुलगे हे बाई प्रथमच ऐकत होत्या. इतके दिवस एका बोलक्या माणसाने यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

“वा, भरलं घर,” परीक्षक म्हणाले. “मग आता सगळ्यांना इथे आणणार?”

“नाही. मुलगी येणार.”

“फक्त मुलगी? आणि बाकीची?”

त्याने हात मांडीवर सपाट ठेवले होते. ते तसेच राहिले.

“बाकीची तिथेच आहेत,” तो म्हणाला. “पेरूच्या झाडाखाली आहेत.”

परीक्षक हसून म्हणाले, “सावलीत. उत्तम.” आणि त्यांनी गुण लिहिले.

बाईंची डोलणारी मान थांबली. त्या म्हणीच्या दिवशी आपण ‘छान’ म्हणालो होतो, हे त्यांना आठवलं, आणि आठवल्यावर त्या खोलीत कुठे बघावं ते त्यांना कळेना. उठून काहीतरी म्हणायला हवं होतं. पण म्हटलं तर काय होईल? परीक्षक चपापतील, उत्तर पुन्हा घेतील, आणि तो माणूस ते वाक्य पुन्हा, दुसऱ्या काळात, म्हणेल. त्या बसून राहिल्या. आयुष्यात एवढ्या हतबल त्या कधी झाल्या नव्हत्या.

“तुमचं शिकवणं पक्कं आहे, बाई,” भट्टीवाला बाहेर गेल्यावर परीक्षक म्हणाले. “काळाची एकही चूक नाही. उतरले ते.”

भट्टीवाला जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा होता. टपालाच्या खिडक्यांसमोर लोकांची रांग होती. शिक्क्यांचे ठोके चालू होते.

“पास झालात,” बाई म्हणाल्या. “मुलीला कळवा.”

त्याने मान हलवली. चेहऱ्यावर आनंद होता, खोटा नव्हता. पण तो गेला नाही, घोटाळत राहिला.

“बाई, परीक्षा संपली ना?”

“संपली.”

“मग आता ‘होती’ म्हटलं तर चालेल?”

बाई कठड्याला धरून पायरीवर बसल्या. या गावात त्यांना असं जिन्यात बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी पदर गोळा करून शेजारी जागा केली.

“चालेल,” त्या म्हणाल्या. “सांगा.”

तो बसला.

“माझ्या बायकोचा आवाज फार मोठा होता,” तो म्हणाला. “ती हळू बोलली तरी शेजारी ऐकत होते.”

“ऐकत असत,” बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली.

“ऐकत असत,” त्याने नीट म्हणून पाहिलं. “मोठा मुलगा उंच होता. धाकटा डावखुरा होता. बरोबर?”

“बरोबर,” बाई म्हणाल्या.