साडूंचं युद्ध

गिरणी आली आणि विणकराचा माग बंद पडला. त्याचा साडू रंगारी. त्याच्या कढईखालचा जाळही त्याच महिन्यात विझला. दोघांनी आपल्या बायकांना, म्हणजे त्या सख्ख्या बहिणींना, दोन वर्षांपूर्वीच बोटीने पुढे धाडलं होतं. आज ते स्वतः परवान्याच्या रांगेत उभे होते.

खिडकीतल्या कारकुनाने मान वर केली नाही. "देश सोडण्याचं कारण?"

"यंत्र आलं, साहेब. हातचं काम गेलं."

"यंत्राच्या जागा कालच भरल्या. दुष्काळ संपला. धर्म सकाळीच गेला. युद्धाची एक जागा आहे."

"पण युद्ध झालंय कुठे?"

"ते काय मी करू? मागे अंगण रिकामं आहे. बोट दोनला सुटते."

घ्या! वीस वर्षांत ज्यांच्यात साधी कुरबुर झाली नाही, ते दोघे डोक्यावर टोपल्या पालथ्या घालून एकमेकांना ढकलू लागले. कारकून खिडकीतून नोंदी घेत होता. मधेच ओरडला, "परवाना हरणाऱ्याला बरं का! जिंकलेला माणूस कशाला देश सोडेल?"

मग काय विचारता! विणकर लोटांगण घालायला जावा, तर रंगारी त्याच्याआधी आडवा. "मी शरण!" "मी आधी शरण!" "अरे लबाडा, एक तरी ठोसा मार की मला!" विणकर खरोखरच चिडला. "तिकडे जन्मलेली माझी पोर चालायला लागली, अजून तोंड पाहिलं नाही रे मी तिचं!"

रंगारी उठला, धूळ झटकली आणि विणकराला उताणा पाडून त्याच्या छातीवर हलकेच पाय ठेवून उभा राहिला. "जिंकलो बाबा मी," तो म्हणाला. 

कारकुनाने कागद वाचून दाखवला. "रंगाऱ्याने केलेल्या अमानुष छळामुळे देशत्याग. इतिहासात हेच कारण राहील. खरं आहे म्हणून सही करा."

"साहेब, साडू आहे तो माझा. देवमाणूस आहे!"

"मग राहा इथेच त्याच्यासोबत."

बोटीचा भोंगा झाला. "कर की सही," रंगारी खेकसला, "नाहीतर उगाच जिंकलो!"

विणकराने सही केली. ती करताना त्याला स्वतःचीच किळस आली.

बोटीत शेजारी एक म्हातारी आपला कागद छातीशी धरून रडत होती.

"तुमच्यावर कुणी जुलूम केला, आजी?" त्याने विचारलं.

"माझ्या लेकाने," ती म्हणाली.