एकेचाळिसावा पक्षी

मी झुबैर. अल्जीयर्सच्या बाब-अल-वाद वस्तीत माझं केस कापायचं दुकान आहे, आणि मकनीनवाल्यांच्या ऑनलाइन मंचावर मी मॉडरेटर आहे. यातलं डोकेदुखीचं काम कुठलं, ते विचारू नका. मकनीन हे अख्ख्या शहराचं वेड. लाल तोंडाचा, मुठीत मावेल एवढा पक्षी, पण गायला लागला की माणूस जेवण विसरतो. लोक त्याचं गाणं मंचावर टाकतात, बाकीचे वाहवा करतात. मोठा नियम एकच: पक्षी घरी उबवलेला हवा, रानात जाळं लावून धरलेला नको. नियम सगळ्यांना पाठ आहे. पाळतो कोण, ते अल्ला जाणे.

त्यात ‘झैतून’ नावाचा कुणी नवा उपटला. प्रत्येक पक्ष्याखाली त्याची एकच ओळ, ‘घरचा की जाळ्यातला?’ शिवी नाही, टोमणा नाही. महिन्याभरात लोक पिसाळले. आमचे सगळ्यात जुने सभासद हाज मोक्रान यांनी तक्रार केली की हा ट्रोल आहे, हाकला याला. त्यांच्या मागे आणखी तेवीस जण. मलाही तो डोळ्यांसमोर नको होता, खोटं कशाला बोलू?

आमची रीत अशी, की आरोप आला की त्या माणसाचं पहिल्यापासूनचं लिखाण एका बैठकीत वाचायचं आणि मग दोघांनी मिळून ठरवायचं. दुसरी मॉडरेटर वहीबा, ब्लिदा गावात औषधाचं दुकान चालवते, भारी शिस्तीची बाई. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी वाचायला बसलो. एकेचाळीस पक्षी, एकेचाळीस प्रश्न, आणि खाली शिव्यांचा ढीग. पण उत्तर? एकही नाही. नुसतं ‘घरचा’ एवढंसुद्धा कुणी लिहिलं नव्हतं. आणि एकेचाळिसावा पक्षी माझा होता.

माझा अमीर. त्याचं ऐकून पिल्लं गाणं शिकतात, म्हणून लोक आपापले पिंजरे माझ्या दुकानात आणून टांगतात. वडिलांनी पाळलेल्या मकनीनच्या जोडीचं हे पिल्लू, असं मी सहा वर्षं छाती फुगवून सांगत आलो. खरं तर ती जोडी त्याआधीच मेली होती. अमीरला मी मेदेयाच्या डोंगरात जाळं लावून धरलं.

वहीबाला फोन लावला. तिचं म्हणणं, तेच तेच विचारून लोकांना छळणं यालाच ट्रोलिंग म्हणतात, बंदी घाल आणि मोकळा हो.

“उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारलं तर छळ,” मी म्हणालो. “त्याला उत्तर मिळालंय कुठे?”

“मग दे की तू.”

ती सहज बोलून गेली. एक बटण दाबलं असतं तर माझी लाज झाकली गेली असती, वर चोवीस जणांनी दुवा दिला असता. पण खरं विचारलं म्हणून एखाद्याला हाकलायचं, आणि तेही मी? स्वतःचीच चीड आली. अमीरच्या गाण्याखाली लिहिलं, ‘जाळ्यातला. मीच धरला.’

झैतूनने लिहिलं, ‘आभारी आहे, भाऊ.’ नंतर त्याने कुणालाच काही विचारलं नाही.

तक्रारी मात्र आल्या, संध्याकाळपर्यंत एकतीस, आणि या वेळी माझ्याविरुद्ध. झुबैर ट्रोल आहे, मुद्दाम आग लावतोय, मंचाची अब्रू काढतोय. वहीबाने रीतीप्रमाणे माझं नऊ वर्षांचं लिखाण वाचून काढलं. जाळ्यातला पक्षी दाखवला म्हणून मला महिनाभर बाहेर बसवलं. ट्रोलिंगचा आरोप मात्र तिने फेटाळला आणि माझं उत्तर पानावर तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी लोक एकेक करून पिंजरे न्यायला आले. शेवटी हाज मोक्रान आले. त्यांनी सलामही केला नाही.

“पोरा, आम्हाला माहीत नव्हतं असं वाटलं तुला?” ते म्हणाले. “सगळ्यांना माहीत होतं. पण तू लिहिलंस. आता माझा पक्षी कुठला, ते मलाही सांगावं लागणार.”

मी त्यांचा पिंजरा खिळ्यावरून काढला आणि त्यांच्या हातात दिला.