पहिला भाव

एको एसेल दुकानाबाहेर पडला आणि मुद्दाम हळू चालू लागला. भाव करायची त्याची ही जुनी रीत होती. आधी मालाला नावं ठेवायची, मग निम्म्याहून कमी किंमत सांगायची, मग 'राहू दे' म्हणून निघायचं आणि पाठीमागून हाक येईपर्यंत वेळ काढायचा. तो वहाणेचा पट्टा नीट करायला वाकला. शेजारच्या दुकानातल्या बादल्या त्याने निरखून पाहिल्या. कोपऱ्यावर सुक्या मासळीच्या टोपल्यांपाशी थांबून एक मासा उलटासुलटा केला आणि मासळीवालीच्या शिव्या खाल्ल्या. हाक काही आली नाही.

हा अनुभव त्याला नवा होता, आणि साठी ओलांडल्यावर नवे अनुभव माणसाला सहसा मानवत नाहीत. तो निमूटपणे परत दुकानात शिरला.

ताकोराडीच्या बाजारातलं हे दुकान मादाम तेचिवाचं. शाई, कागद आणि छपाईची लहानमोठी यंत्रं ती विकायची, आणि एको तिचं जुनं गिऱ्हाईक होता. दर खेपेला तासभर घासाघीस, शेवटी काहीतरी सूट आणि वर एखादी शाईची बाटली, असा त्यांचा ठरलेला खेळ. आज मात्र ती जागची हललीही नव्हती.

"पापा, हा भाव माझा नाहीच," ती म्हणाली; वयाने मोठ्या गिऱ्हाइकांना ती पापाच म्हणायची. "कंपनीनं लावलाय. अक्रा, कुमासी, इथं, सगळीकडे एकच. मी एक सेदी जरी कमी घेतला तरी माझी एजन्सी जाईल."

"मग तू इथं बसून करतेस काय?"

"हेच माझा नवरा विचारतो."

एकोला हसू आलं नाही. त्याला मोठ्या रंगीत पोस्टरांचं यंत्र हवं होतं. हल्ली लोकांना मयताच्या पोस्टरवर गेलेल्या माणसाचा चेहरा दाराएवढा लागतो, आणि एकोच्या जुन्या यंत्रातून निघायचा तो जेमतेम ताटाएवढा. लोक येत, विचारत, आणि 'बघतो' म्हणून दुसरीकडे जात. यंत्र घेतल्याशिवाय दुकान चालणार नव्हतं, हे त्याला कळत होतं.

मादाम तेचिवाने मग सहज म्हणून आणखी एक सांगितलं.

"आणि तुम्ही केप कोस्टहून इथवर येता कशाला? तिथं बायनींकडे हेच यंत्र आहे. भाव हाच. वर गाडीभाडं वाचेल, बिघडलं तर माणूस चालत येईल."

बघतो, एवढंच एको म्हणाला आणि केप कोस्टला जाणाऱ्या ट्रोट्रो व्हॅनमध्ये जाऊन बसला. घरी पोहोचेपर्यंत तो कुणाशी बोलला नाही. शेजारच्या बाईची कोंबडी त्याच्या पायावर चोच मारत होती, तिलाही नाही.

कोबिना बायनीच्या दुकानाची पायरी एको चढत नाही, हे सगळ्या केप कोस्टला ठाऊक होतं. कारणही ठाऊक होतं, कारण ते एको स्वतःच सांगत फिरे. बायनी महाग आहे, बायनी गिऱ्हाइकाला सोलून काढतो. साधी शाई घ्यायची तरी हा माणूस बायनीच्या दारावरून गाडी पकडून ताकोराडी गाठायचा. लोकांना ते पटायचं. पैशाचं कारण सगळ्यांना पटतं, आणि त्यावर कुणी पुढे विचारत नाही. आता ते कारण त्या कंपनीने काढून घेतलं होतं, आणि एकोला विचारलंसुद्धा नव्हतं.

बायको, आराबा, मासे तळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कढईतला मासा उलटून म्हणाली, "मग आता लोकांना काय सांगणार?"

"यंत्रच नको मला."

"यंत्र नको म्हणजे दुकान नको. तसं सरळ म्हणा, म्हणजे मी त्या जागेत टोमॅटो विकायला बसते."

एको पायरीवर येऊन बसला. समुद्राकडून वारा येत होता, आणि त्याला नको असतानाही मिशनच्या छापखान्याची आठवण आली. तो आणि कोबिना तिथे एकाच उस्तादाच्या हाताखाली शिशाची अक्षरं जुळवायला शिकले होते. शनिवारी पगार हातात पडला की दोघं जोडीने केंके, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उकडलेले गोळे, घ्यायला जात. कोबिना भाव विचारायचा, आणि एको त्याचा सदरा ओढून म्हणायचा, चल रे, पुढे स्वस्त आहे. कोबिना जीव तोडून भांडायचा, एको तोंड वाकडं करून उभा राहायचा. केंकेवाल्या बायकांना हे नाटक पाठ झालेलं. ही जोडी दिसली की त्या आधीच भाव चढवून ठेवत, म्हणजे पोरांना खाली आणायला काहीतरी मिळावं. फसत कुणीच नसे. शेवटी ठरलेल्या भावालाच केंकेचे गोळे मिळत, वर एखादा तळलेला मासा, आणि दोघं राजे झाल्यासारखे एकोच्या घरी येत. एकोची आई कोबिनाचं ताट न विचारताच वाढायची. ते दिवस एकोला रोज आठवत. कोबिनाही रोज आठवे. हे त्याने आराबालाही कधी सांगितलं नव्हतं.

पुढे दोघांनी वेगवेगळे छापखाने काढले. कोबिनाने गावातलं पहिलं रंगीत यंत्र आणलं, आणि छपाईबरोबर शाई-यंत्रं विकायलाही सुरुवात केली. मग एकोची आई गेली. तिची पोस्टरं रंगीत हवीत, असं बहिणींनी ठरवलं, म्हणून एको तिचा फोटो घेऊन कोबिनाकडे गेला. कोबिनाने सगळं काम स्वतः केलं, कुणाला हात लावू दिला नाही. गठ्ठे बांधून झाले, आणि तो म्हणाला, "बारा लाख."

जुन्या सेदींची गोष्ट, नोटांवरची शून्यं कमी होण्याआधीची; तरी बारा लाख तेव्हाही पुष्कळच होते. एको त्याच्याकडे पाहत राहिला. ज्या बाईने याला स्वतःच्या ताटातलं वाढलं, तिच्या मयताच्या पोस्टरांचे बारा लाख. पहिला भाव कधीच खरा नसतो. दुकानदार तो सांगतो आणि आपण तोंड उघडतो, तिथून बोलणं सुरू होतं. ज्याच्याशी पुन्हा संबंधच ठेवायचा नाही, त्याला पहिला भाव देऊन मोकळं व्हायचं असतं. एकोने खिशातून बारा लाख काढले, टेबलावर ठेवले, गठ्ठे उचलले आणि निघून गेला. मयताला कोबिना काळे कपडे घालून आला, मागच्या रांगेत बसला. मयताच्या खर्चासाठी त्याने दिलेल्या आहेराचा रीतीप्रमाणे लाउडस्पीकरवरून पुकाराही झाला. एकोने त्याच्याशी हात मिळवला नाही. त्यानंतर कधीच नाही.

सोमवारी सकाळी आराबाने त्याचा इस्त्रीचा सदरा खाटेवर काढून ठेवला आणि बाजारात निघून गेली.

कोबिनाचं दुकान आता मोठं झालं होतं आणि कोबिना लहान. खांदे उतरले होते, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. दारात एकोला पाहून तो उठला. त्याने आधी खुर्ची दिली, मग स्वतः जाऊन पाणी आणलं. एकोने पाणी पिईपर्यंत तो थांबला, कारण पाणी पोटात गेल्याशिवाय पाहुण्याला काम विचारत नाहीत.

"इकडे सगळं ठीक," कोबिना म्हणाला. "तुझं कसं येणं झालं?"

एकोने यंत्राचं सांगितलं. कोबिनाने त्याला आत नेऊन यंत्र दाखवलं, चालवून दाखवलं, कुठे काय बिघडतं तेही सांगितलं. बाहेर येऊन दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसले. कोबिनाने किंमत सांगितली. अठ्ठ्याऐंशी हजार. ताकोराडीचीच.

आता काय व्हायला हवं हे दोघांनाही लहानपणापासून माहीत होतं. एकोने हसायला हवं होतं, यंत्राला लाथ मारल्यासारखं करायला हवं होतं, चाळीस हजार म्हणायला हवं होतं. पण हा भाव दोघांपैकी कुणाचाच नव्हता. एकोने चेकबुक काढलं, पूर्ण रक्कम लिहिली आणि सही करू लागला.

"पुन्हा तेच करतोयस," कोबिना म्हणाला.

"कंपनीचा भाव आहे. कमी होत नाही."

"हा होत नाही. तो होत होता."

एकोचं पेन थांबलं. कोबिनाने चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पण डोळ्याला लावला नाही.

"आई गेल्यावर तीन दिवस तू बोलला नव्हतास," तो म्हणाला. "आराबा मला सांगत होती, रडत नाही, जेवत नाही, नुसती मान हलवतो. माझ्याकडे आलास तेव्हाही फोटो पुढे केलास, तोंडातून शब्द नाही. म्हटलं, असा भाव सांगू की याच्या तळपायाची आग मस्तकात जाईल. माझी गचांडी धरेल, आईचं नाव घेऊन मला चार शिव्या देईल, मग रडेल तरी. पैसे कुणाला हवे होते?"

"मग हाक का नाही मारलीस मागून?"

"हळू चालला असतास तर मारली असती. तू पळत गेलास."

रस्त्यावरून एक गाडी भोंगा वाजवत गेली. एकोने सही पूर्ण केली, चेक फाडला आणि टेबलावरून पलीकडे सरकवला. कोबिनाने तो घेतला, ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि पावतीपुस्तक पुढे ओढलं. आता उठून निघायचं एवढंच उरलं होतं.

एको उठला नाही. त्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"बारा लाख फार होतात," तो म्हणाला.

कोबिनाला क्षणभर कळलं नाही. ते लाख आता चलनातही नव्हते. मग कळलं, आणि त्याचा पावतीवरचा हात तसाच राहिला.

"कागद चांगला होता," तो सावकाश म्हणाला.

"कसला चांगला. एका सरीत भिंतीवरून खाली आला."

"भिंत तुझी, डिंक तुझा. माझ्या कागदाला नाव ठेवू नकोस. किती देशील बोल."

"दोन लाख."

"दोन लाखांत तुझ्या आईच्या डोक्यावरचा रुमालसुद्धा छापून होत नाही. केवढा बांधायची ती."

एको पुढचा आकडा सांगायला गेला. तोंड उघडलं, पण आकडा आला नाही. आई गेल्यापासून छातीत अडकलेलं रडू भर दुकानात, भर सकाळी मोठ्याने बाहेर पडलं. तो टेबलावर डोकं टेकून रडत राहिला. कोबिनाने उठून दार लोटून घेतलं आणि परत येऊन त्याच्या शेजारी बसला.

"बरं," शेवटी तो म्हणाला. "अकरा."