दादाचा काढा

"गोळ्या बांधावर फेकून दे म्हणतो ना मी!" लसणाच्या वाफ्यात उभा राहून काढेवाला धाकट्या भावावर ओरडला. "माझ्याकडे बघ. छातीत कळ आली तेव्हा डॉक्टर काय म्हणाला? रक्तात चरबी वाढलीय, शिरा तुंबल्यात, गोळी जन्मभर घ्या. घेतली का मी? सालीचा काढा प्यायलो. उतरली की नाही चरबी?"

"उतरली की, दादा," धाकटा म्हणाला. त्याच्याही शिरा तशाच तुंबलेल्या.

पलीकडे खुरपणाऱ्या काढेवाल्याच्या बायकोचा हात जागीच थांबला. चरबी कशानं उतरली ते तिला एकटीला ठाऊक होतं. नवरा गोळीला शिवेना, म्हणून तीच रोज ती खलबत्त्यात कुटून त्याच्या काढ्यात घालत होती. काढा असा कडूजहर, की त्यात काय मिसळलंय ते पिणाऱ्यालाही कळेना.

सांगावं तर नवरा बिथरणार, स्वतःच्या हातानं गाळून पिणार, अन् पुन्हा कळ येणार. न सांगावं तर दीर जाणार.

बांधावर तिनं दिराला गाठलं. "भाऊजी, काढा हवा तेवढा प्या, पण गोळी सोडू नका."

"वहिनी, तुमचाच धनी ठणठणीत झाला, अन् तुम्हीच असं बोलता?" तो हसला.

ती पुन्हा वाफ्यात जाऊन खुरपू लागली.

लसूण काढणीला आला, तेव्हा गोळी सोडून नुसत्या काढ्यावर राहिलेला धाकटा वाफ्यातच कोसळला. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याला पोचवून माणसं अंगणात टेकली.

"बिचाऱ्यानं काढा उशिरा धरला," शेजारी हळहळला. "काढेवाले, आम्हाला तरी आजपासून द्या बाबा."

ते ऐकताच ती आत गेली, बाहेर आली अन् नवऱ्याच्या तळहातावर अख्खी गोळी ठेवली.

"हे काय?"

"तुमच्या काढ्यातलं औषध. रोज मी कुटून घालत होते. भाऊजींच्या पेल्यात कुणी घातलं नाही हो! आता सगळ्यांसमोर गिळा, नाहीतर मलाही त्यांच्यामागं धाडा."

काढेवाल्यानं भावाच्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या कुदळीकडे पाहिलं अन् गोळी तोंडात टाकली. पाणी कुणी दिलं नाही, त्यानं मागितलंही नाही. गोळीला चव नव्हती, तरी गिळताना त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.