पडद्याच्या उजवीकडे

शेजारच्या वसुधाच्या टीव्ही गेमवर आमच्या अण्णांचा भयंकर राग होता, आणि रोज दुपारी जेवण झालं की ते तोच खेळायला जायचे.

पंतनगरच्या आमच्या बिल्डिंगीत असा गेम तिच्या एकटीकडे. तिचा भाऊ बाळा जहाजावर, त्याने कधीतरी सिंगापूरहून आणून दिलेला. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर एक बुटका माणूस डावीकडून निघायचा, खड्डे ओलांडत उजव्या कडेला पोचायचा, की पुन्हा डावीकडे हजर. तेच खड्डे.

"जाता खंय तो?" अण्णा विचारायचे.

"कुठे नाही जात हो अण्णा. पॉइंट मिळतात."

"पॉइंट काय चाटूचे आसत?"

अण्णा म्हणजे माझे सासरे. सगळा जन्म गिरणीत साचे चालवले. मागाला ते साचा म्हणायचे. गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि तेव्हापासून या माणसाने काही विचारणं सोडून दिलं होतं. आधी दारावरच्या पोस्टमनचीसुद्धा चौकशी करायचे. आता ताट पुढे ठेवलं तर भाजी कसली आहे हेही विचारत नसत, खात असत. त्यामुळे 'जाता खंय तो' हा प्रश्न ऐकला तेव्हा मी हातातलं वाळवण खाली ठेवून वसुधाच्या दारात उभी राहिले होते.

त्या मे महिन्यात बाळा सुट्टीवर आला. त्याच्याकडे एक परदेशी मासिक होतं. जपानमधल्या कुठल्याशा कंपनीचं नवीन गेमचं मशीन अमेरिकेत येणार, अशी त्यात मोठी बातमी. फोटोत राखाडी खोका, पावाच्या डब्याएवढा. बाळा वाचून मराठीत सांगत होता. रंग अमुक, आवाज तमुक. अण्णा पेंगत होते.

"आणि यात म्हणे चित्र थांबत नाही. माणूस चालतो तसं पडद्याबाहेरचं आत येत राहतं."

अण्णांनी चष्मा लावला. "परत वाच."

बाळाने परत वाचलं.

"म्हणजे माणूस चालत नाय," अण्णा म्हणाले. "माणूस जाग्यारच आसा. चित्र फुडे येता. साच्यार कापड येता तसा."

"नाही हो अण्णा, माणूसच चालतो. पाय हलतात ना त्याचे."

"पाय माझे पण हलतत. मी खंय गेलंय?"

वसुधा हसून लोळायची बाकी. अण्णा नाही हसले. "संपता काय ता? का येतच ऱ्हवता?"

"ते नाही लिहिलेलं," बाळा म्हणाला. "आणि आपल्याकडे येईपर्यंत विसरा."

रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "भाजी कसली?"

"दोडक्याची," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण आमचे हे, सीताराम, वर बघायला लागले.

"संपत नसात तर तेवढा चित्र ठेयतत खंय?" अण्णा दोडक्याला विचारत होते.

"अण्णा, या वयात टीव्ही गेम? लोक हसतील," हे म्हणाले.

"हसू देत. त्यांका तरी काय काम आसा?"

दुसऱ्या दिवशी माझं लाटणं सापडेना. वसुधाचंही नाही. दोन्ही अण्णांपाशी निघाली. मिक्सरच्या रिकाम्या खोक्याला त्यांनी पुढून खिडकी कापली होती आणि आत दोन्ही कडांना एकेक लाटणं उभं बसवलं होतं. एकावरून चित्र सुटायचं, दुसऱ्यावर गुंडाळायचं. कागद म्हणून जुनी पाठकोरी कॅलेंडरं, खळीने एकाला एक जोडलेली.

"चित्र तू काढ," मला म्हणाले. "तू रांगोळी काढतस."

रांगोळी आणि बुटक्या माणसाचे खड्डे यांचा काय संबंध, पण मी बसले. अण्णा सांगतील तसं काढत गेले. खड्डा, माड, ओढ्यावरचा साकव, पुन्हा खड्डा. पुठ्ठ्याचा माणूस त्यांनी स्वतः केला. दोरा ओढला की उडी मारायचा. वसुधा बघायला आली. मी मागे बसून लाटणं फिरवायला लागले, अण्णांनी दोरा धरला, आणि खरंच, माणूस जागच्या जागी आणि माड चालत आले!

"झकास, अण्णा!" वसुधा ओरडली. "मी खेळू? मला द्या ना!"

अण्णांनी दोरा तिच्या हातात दिला आणि उठले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय. साकवाच्या फुडे खड्डो आसा. माका माहीत आसा सगळा."

संध्याकाळी लाटणं स्वयंपाकघरात ओट्यावर परत आलेलं. जेवायला वांगं होतं. अण्णांनी विचारलं नाही.

मी ताटं घासता घासता चिडले होते, कोणावर ते कळत नव्हतं. जपानवर असेल. एवढं मशीन केलं, तर ते संपतं का एवढं लिहायला काय झालं होतं? मग माझ्या डोक्यात आलं की चूक आमचीच होती. जो खेळणार त्यालाच विचारून मी चित्र काढलं होतं.

दुसऱ्या दुपारी अण्णा आडवे झाल्यावर मी दार लोटून बसले. साकवानंतरचा कागद फाडून टाकला. तिथे विहीर काढली. विहिरीनंतर काय, ते सुचेना. सुचेना म्हणून हात थांबला तर मलाच उत्सुकता, आता काय येतंय? मग एक म्हैस आली. रस्ता अडवून बसलेली, रवंथ करत. म्हैस मला कधी काढता येत नव्हती, त्यामुळे ती जरा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी झाली.

लाटणी खोक्यात बसवली आणि अण्णांना हाक मारली.

"कित्याक? बघितला मा सगळा."

"दोरा धरा तरी."

धरला. माड गेला, साकव गेला. त्यांचं लक्षही नव्हतं. विहिरीपाशी दोरा उशिरा ओढला गेला आणि पुठ्ठ्याचा माणूस थेट विहिरीत. अण्णा सावरून बसले. पुढच्या वेळी विहीर ओलांडली, आणि समोर म्हैस.

"आरे!" अण्णांनी चष्मा सारखा केला. "ही खंयसून इली?"

मी लाटणं फिरवायची थांबले.

"थांबतस कित्याक? फुडे काय आसा गो?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. म्हशीपलीकडे कागद अजून कोराच होता.

"मगे लवकर काढ," ते म्हणाले. "आणि माका सांगू नको."

त्या रात्री चपात्या झाल्या नाहीत. लाटणं खोक्यात होतं. मी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. हे काही बोलणार होते, पण तेवढ्यात अण्णांनी ताटात वाकून बघितलं आणि विचारलं, "आज काय?"