मागच्या गाळ्याचा ठेका

ओवी दुपारची झोपली, की धम्मदिना ओटा पुसून त्यावरच लॅपटॉप आणि हातभर लांबीचा वाजवायचा की-बोर्ड मांडायची. एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला हेडफोन. पोरगी उठेपर्यंतचा वेळ तिचा.

रविवारी ओवीचा पहिला वाढदिवस होता. अण्णांनी, म्हणजे धम्मदिनाच्या सासऱ्यांनी, नातीसाठी स्वतः गाणं रचलं होतं. एकेकाळी त्यांची गायन पार्टी अंबाडीपासून वाड्यापर्यंत जयंतीला गाजायची. आता ढोलकीवाला राघो मुलाकडे राहायला गेलेला; तेव्हा ठेका आणि पेटी सुनेनं कॉम्प्युटरवर बसवायची, असं ठरलं. पण गेल्या आठवड्यात अण्णा हेडफोन लावून तालमीला बसले आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत ठेक्याच्या पुढे निघून गेले. एकदा नाही, दर वेळी. शेवटी त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली.

"वय झालं गं, दिना. ठेका सुटायला लागला, की माणसानं माइक सोडावा."

त्यानंतर त्यांनी आंघोळ करतानाही गुणगुणणं टाकलं. धम्मदिनाला ते सलत होतं. दोष आपला नाही, हे अण्णांना रविवारच्या आत पटलं तरच ते गाणार होते.

आशेला जागा होती. ती स्वतः की-बोर्डवर पेटी वाजवायला बसली, तर तिचेही सूर तसेच घसरले. की-बोर्डचं वाजवणं कॉम्प्युटर 'मिडी'त उतरवून घेतो, आणि मिडीत आवाज नोंदला जात नाही. कुठली पट्टी कधी दाबली, तेवढंच. पडद्यावर उभ्या रेघा असतात, प्रत्येक रेघ म्हणजे ठेक्याची एक मात्रा, आणि प्रत्येक सूर त्यांत छोट्या विटेसारखा बसतो. तिच्या विटा सुरुवातीला रेघेवर बसायच्या, मग हळूहळू रेघ सोडून पुढे पळायच्या. आधी तिला वाटलं, कॉम्प्युटरच उशीर करतोय. तिनं बफर, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधीचा थांबा, कमी करून पाहिला. पट्टी दाबल्याबरोबर आवाज यायला लागला, पण विटांचं पळणं काही थांबेना. मग 'क्वांटाइझ' केलं, म्हणजे प्रत्येक वीट जवळच्या रेघेला चिकटवायची. अर्ध्या विटा शेजारच्याच रेघेला जाऊन चिकटल्या आणि पेटी ठेचकाळत चालू लागली.

"हे तर अण्णांपेक्षा वाईट," नवरा विशाल म्हणाला, आणि बायकोची नजर बघून डबा घेऊन ड्युटीला निघाला.

गुरुवारी अकलोलीहून धम्मदिनाची नणंद आली, तिचं नाव पूर्वी. धामणकर नाक्याला रिक्षातून उतरून चालत आली ती घामाघूम. झोपलेल्या भाचीकडे बघत म्हणाली, "वहिनी, ही पोर झोपते कशी गं या खटखटीत?"

"कसली खटखट?"

"कसली काय? मागं लूमचा गाळा हाय ना! मी पण इथंच वाढले, तवा मलाबी ऐकू येत न्हवती. आता तिकडं राहून कान शहाणे झाले माझे."

धम्मदिनानं की-बोर्डवर हात ठेवून कान दिला. मागच्या गाळ्यात यंत्रमाग कापड विणत होते. खट-खट, खट-खट. तिचा पाय कधीपासून त्याच तालावर हलत होता. ओवी रडली तर ऐकू यावं म्हणून ती हेडफोन एकाच कानाला लावायची, आणि क्लिकचा, म्हणजे मात्रा मोजणाऱ्या टिकटिकीचा, आवाजही बारीक ठेवायची. अण्णांचाही एक कान उघडाच असायचा. स्वतःचा आवाज ऐकायची गायकाची सवय. माइक लावला असता तर लूम केव्हाच पकडला गेला असता. मिडीत फक्त बोटं उतरली होती.

तिनं लूमच्या तालावर बोटानं टकटक करून वेग मोजला. गाण्याला दिलेल्या वेगापेक्षा तो थोडासाच जलद निघाला. दोन कडव्यांत ठेक्याच्या पुढे न्यायला तेवढा पुरत होता.

मग तिनं काम उलटं केलं. सूर होते तिथंच राहू दिले आणि रेघा सरकवल्या, मात्रेमागून मात्रा, जिथं वीट तिथं रेघ. ओवी उठली, तिला मांडीवर घेऊनही सरकवल्या. ठेका रेघांना बांधलेला. तो निमूट पेटीबरोबर चालू लागला.

शुक्रवारी लूमला सुट्टी. तिनं अण्णांना बोलावलं, पडदा दाखवला, सगळं सांगितलं.

"माझ्या समाधानासाठी काहीतरी जुळवतेस तू."

"तुमचं कशाला? माझेही सूर पळालेच की. मी काय म्हातारी झाले?"

"लूमबरोबर गात होतो म्हणतेस?"

"अगदी तालात."

"अण्णा, पगार मागा लूमच्या शेठकडे," पूर्वी म्हणाली.

अण्णा हसले नाहीत. हेडफोन लावले, सवयीनं एक कान मोकळा ठेवला. बाहेर सगळं शांत होतं. पहिलं कडवं जपून गेलं. दुसऱ्याच्या तोंडाशी धम्मदिनानं पडद्यावरच्या रेघांवर नजर ठेवली. अण्णांनी नुसती मान डोलावली आणि समेवर अलगद उतरले. तिसरं कडवं त्यांनी डोळे मिटून म्हटलं. ओवी पूर्वीच्या कडेवरून आजोबांच्या हलणाऱ्या हाताकडे बघत राहिली.

गाणं संपलं. अण्णांनी डोळे उघडले.

"ठेका बरोबर आहे," मग ते म्हणाले. "तिसऱ्या कडव्यात मी 'लेक' नीट म्हटलं नाही. राघो असता तर डोळे वटारले असते त्यानं. परत लाव."

धम्मदिनानं परत लावलं.